लांब शिवणीचं गाणं

माझ्या मावशीला चोरी जमत नाही. चहात चमचाभर साखर जास्त पडली, तर काकांनी कप तोंडाला लावायच्या आधीच तिचा चेहरा सगळं सांगून मोकळा होतो. अशा बाईने कितीतरी महिने, भर दुपारी, नवऱ्याच्या समोर, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून चोरी केली. आणि ती कशाची, तर एका गाण्याची.

मावशी शिवणकाम करते. चष्म्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत खिडकीशी पायाचं मशीन, शेजारी कापायचं मोठं काळं टेबल आणि टेबलापलीकडे काकांची खुर्ची. मागच्या खोलीत पलंग, कपाट आणि छताला टेकलेले कापडाचे गठ्ठे. दोन्ही खोल्यांत जमीन सलग लाकडी फळ्यांची. पुढे कुणी टाच आपटली की मागे कपाटातल्या रिळांना हुडहुडी भरते. खालचा चष्मेवाला सारखा वर येऊन सांगतो, "वहिनी, जरा हळू हो. गिऱ्हाईक म्हणतं अक्षरं हलतायत. मी बिचाऱ्याचा नंबर वाढवून देतो आणि दोष असतो तुमच्या मशीनचा!"

काका पूर्वी एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. लग्नं, मेळावे, हॉटेलातल्या संध्याकाळी, जिथे बोलावतील तिथे. मग त्यांच्या कानात शिट्टी वाजायला लागली. पुढे बाकीचं सगळं गेलं आणि ती शिट्टी एकटीच उरली, आणि एक दिवस तीही गेली. आता त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ओठ वाचतात. तेवढ्याने भागलं नाही तर मावशी कापडावर खुणा करायचा चपटा खडू उचलते आणि काळ्या टेबलाच्या कडेवर लिहिते. जेवायला चला. बटणं उलटी लावलीत. लेकीचा फोन होता. काका वाचतात आणि बाहीने पुसतात. त्यामुळे त्यांची उजवी बाही कायम पांढरी. हल्ली ते मावशीला मदत म्हणून बटणं लावतात, तुरपाई करतात. "पूर्वी बँडमास्तरचं ऐकायचो, आता हिचं ऐकत नाही," असं म्हणतात आणि स्वतःच्याच विनोदाला आधी स्वतः हसून घेतात.

काकांचे कान गेले तसं मावशीने घरातलं गाणं बंद केलं. रेडिओ इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. ताईच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या, वाढदिवसाला मैत्रिणींनी गाणं सुरू केलं तर ही सुरी घेऊन अशी धावली की पोरींनी गाणं गिळलं आणि गप केक खाल्ला. स्वतःचं गुणगुणणंसुद्धा सोडलं. काकांनी तिला असं काही सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. घरातलं एक माणूस पथ्यावर असलं की बाकीचे त्याच्यासमोर गोड खात नाहीत, तसं हिने आपलं आपणच ठरवून टाकलं.

हे पथ्य मोडायला कारण झाले आमच्या नाटकातले घागरे.

मी कापड घेऊन गेले होते. माप दिलं, आणि सोबत गाणंही काढलं. बोटाएवढा प्लेअर, त्याला इअरफोन.

"गाणं कशाला? मी माप घेऊन शिवते, गाणं घेऊन नाही."

"अगं, हा घालणारी मुलगी नाचताना गिरकी घेते आणि घेर हवेत असतानाच गाणं बदलतं. घेर किती वेळ वर राहायला हवा ते ऐकल्याशिवाय तुला कळणार कसं?"

मावशीने काकांकडे पाहिलं. ते सुईत दोरा ओवत होते, जीभ बाहेर काढून.

"इथे नको."

"मावशी, त्यांना ऐकू येत नाही."

"म्हणूनच नको."

मी ऐकलं नाही. एक बोंड तिच्या कानात घातलं, एक माझ्या. गाणं साधंच, आमच्याच एका मुलाने बसवलेलं, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं झुलणारं. मावशी ताठ बसली होती, दात काढायला आल्यासारखी. मग तिच्या पायाचा अंगठा हलला. मग टाच. मग तिने पटकन पाय खुर्चीखाली ओढून घेतला, जणू कुणाच्या पायावर पडला.

"कळला घेर," ती म्हणाली. "पण ते राहू दे इथेच. परत लागेल."

पुढचं मला पुष्कळ नंतर कळलं, तिनेच सांगितलं तेव्हा.

शिवताना केसांत दोरे अडकू नयेत म्हणून मावशी डोक्याला रुमाल बांधते, कानांवरून. त्या रुमालाखाली बोंडं दिसत नाहीत. वायर ब्लाउजच्या आत, प्लेअर मापाची टेप ठेवायच्या खिशात. काका समोर. ती मशीनवर बसायची, गाणं लावायची आणि घागऱ्याची लांबच लांब किनार घालायची. कॉलर शिवायची तर पाय थांबवावा लागतो, कफ शिवायचे तर वळावं लागतं, पण घेराला थांबणं नाही. पाय एकदा लागला की लागला. गाण्याच्या ठेक्यात पायाखालचा पायटा खाली-वर, खाली-वर, आणि कापड आपोआप पुढे. ती म्हणाली, "तुला काय सांगू, पाठीतून कुणीतरी थंड पाणी सोडल्यासारखं व्हायचं. आणि मान वर केली की समोर हे. तुरपाई करतायत. मी यांच्या ताटातलं उचलून खातेय, आणि तेही यांच्यासमोर मिटक्या मारत!"

"मग बंद करायचं."

"करायचे ना! रोज करायचे. मग वाटायचं, एवढी किनार होऊ दे."

आमचे घागरे आले तेव्हा दिग्दर्शक बघतच राहिला. सांगितल्या होत्या दोन झालरी, आल्या चार. "मावशींना सांग, हे घागरे आहेत, तंबू नाहीत." आता मला कळतं. दोन झालरींत गाणं पुरं होत नव्हतं. घागरे संपल्यावरही ती लांब किनारींचीच कामं घेत राहिली.

त्याच सुमारास ताईने कुठल्याशा पुलावरून दोरी बांधून दरीत उडी मारली. हौसेने. व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. त्यात ती उलटी लटकून अशी किंचाळते की बघणाऱ्याचा जीव घशाशी यावा. सगळ्यांनी वाहवा केली. काकांनी तर फोन हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिला आणि चष्मेवाल्यालाही दाखवला. मावशी मला म्हणाली होती, "आपली एवढीशी मजा दरीतून ओरडून सांगते ही! लाज म्हणून नाही कशी वाटत?" तेव्हा मला वाटलं, जुन्या वळणाची बाई, लेकीवर चिडली. ती चिडली नव्हती. तिला हेवा वाटत होता. मजेचा नाही, ओरडण्याचा.

त्या घरात कान एकटीलाच. दाराची बेल, गॅसवरचं दूध, कुकरची शिट्टी, सगळं तिने दोघांच्या वाटचं ऐकायचं. ती बोंडं घालून बसायची तेव्हा त्या घरात दोन बहिरी माणसं असायची. हे तिला ठाऊक होतं. "ठाऊक होतं गं. रोज ठाऊक होतं."

एके दुपारी काकांचा पांढरा दोरा संपला. मावशी किनारीत बुडालेली, तिला कशाला उठवायचं म्हणून ते स्वतःच मागे गेले. रिळं कपाटावर. स्टुलावर चढले. स्टूल कलंडलं आणि काका खाली. उजवं मनगट अंगाखाली आलं आणि पाय स्टूल आणि कपाट यांच्यामध्ये अडकला.

मावशीच्या पायाला हादरा जाणवला. तिला वाटलं, चष्मेवाल्याने शटर टाकलं.

काकांनी हाक मारली. पण आपला आवाज केवढा ते त्यांना कळत नाही. कान गेल्यावर सुरुवातीला ते साधं पाणी मागायचे तेही गल्लीला ऐकू जाईल असं, आणि मावशी दर वेळी ओठांवर बोट ठेवायची, "हळू! ओरडू नका!" तिनेच त्यांना हळू बोलायची सवय लावली. तर त्यांनी त्या दिवशी हळू हाक मारली.

मग त्यांनी डावा तळहात जमिनीवर आपटायला सुरुवात केली.

आणि इथे जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही घरात झालं नसतं. गाल फळीला टेकलेला. फळीतून मशीनचा पायटा अंगात येतोय, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आयुष्यभर दुसऱ्याच्या ठेक्याला ठेका देण्यात गेलेला हात. मदतीसाठी आपटायला लागला तो दोन-चार ठोक्यांत मशीनच्या तालात शिरला. पुढे मशीनवर मावशीला तळपायातून ते ठोके जाणवले आणि तिला वाटलं, गाण्यातला ड्रमच आज असा अंगात शिरतोय. "मी मनात म्हटलं, रोज ऐकते, हा ड्रम आधी लक्षात कसा आला नाही? काय वाजवलंय मेल्याने! आणि मी आणखी जोरात पाय मारला. ऐकतेस ना? आणखी जोरात मारला. माझा नवरा मोडून पडलेला, आणि मी त्याच्या हाकेवर डोलत होते."

गाणं संपलं. ड्रम थांबला नाही.

मावशी म्हणते, त्यानंतर आपण मागच्या खोलीत कशा पोचलो ते आठवत नाही. रुमाल, बोंडं, वायर सगळं एका हाताने उपटून तिने टेपच्या खिशात कोंबलं होतं, एवढं मात्र आठवतं. तेवढ्या घाईतही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे पडले तेव्हा घरात कुणी होतं?"

"मी होते. शिवत होते."

"आवाज नाही आला?"

मावशीने लेकीकडे पाहिलं. मग भिंतीकडे. "मशीनचा आवाज फार येतो हो," ती म्हणाली.

झालं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हेच होतं. खोटं कुठवर जाईल याचा त्याला अंदाज नसतो. हे मशीनवर जाऊन बसलं.

"आई, ते खटारं आधी काढ," ताई तिथेच म्हणाली. "आज मनगटावर निभावलं. उद्या?"

आठवड्याच्या आत ताई विजेवरचं मशीन घेऊन आली. पांढरं, गुटगुटीत, डब्यात मधमाशी कोंडल्यासारखं गुणगुणणारं. टेबलावर मांडलं, प्लग लावला. जुन्यासाठी तिने गिऱ्हाईकही बघून ठेवलं. तिच्या ओळखीचा एक कॅफेवाला, तो पायट्यासकट लोखंडी सांगाडा ठेवून वर काच टाकणार होता. म्हणजे टेबल. लोक कॉफी पितील आणि खाली पायाने उगाच पायटा हलवतील.

"किती छान ना?" ताई म्हणाली. "फुकट नाही जाणार."

मावशी म्हणाली, "हं."

काका पट्टा गळ्यात, हात प्लास्टरमध्ये, खुर्चीत बसलेले. त्यांनी नव्या मशीनकडे पाहिलं, जुन्याकडे पाहिलं.

मावशीने प्लेअर पिठाच्या डब्यामागे टाकला आणि गाण्याचं नाव काढलं नाही. पायमशीन कॅफेवाला नेईपर्यंत झाकून ठेवलं. पण त्या दिवसांत काका उतरत चालले. जेवताना दोन घास कमी. दुपारी नुसते खुर्चीत. पूर्वी ते कायम अनवाणी बसायचे, भर थंडीतही, आणि मावशी टेबलावर लिहायची, सपाता घाला, सर्दी होईल. ते पुसून टाकायचे. आता एक दिवस त्यांनी आपण होऊन सपाता घातल्या. मावशीला वाटलं, चला, शहाणपण आलं.

मग चष्मेवाला समाचाराला आला. ताई तिथे, मीही होते. तो काकांसमोर बसला, ओठ नीट हलवत, मोठ्याने म्हणाला, "काका, त्या दिवशी मला वाटलं तुम्ही पुन्हा वाजवायला लागलात! काय जमला होता हो ताल तुमचा नि वहिनींचा! माझं गिऱ्हाईक तर चष्मा विसरून मान हलवत होतं. आणि नंतर कळलं की…"

"चहा घ्या," मावशी म्हणाली.

"अहो घेतो. पण कमाल अशी की…"

"चहा घ्या हो आधी!"

कप त्याच्या हातात आला तो बशी न घेताच. तो भाजला, गप्प झाला. ताईचं लक्ष फोनमध्ये होतं. काकांचं मात्र लक्ष मावशीच्या कानांकडे होतं, निदान मावशीला तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

चष्मेवाला गेल्यावर मावशी मला मागच्या खोलीत घेऊन गेली. पिठाच्या डब्यामागून प्लेअर काढून माझ्या हातात कोंबला. "हे घेऊन जा. घरात नको मला." आणि मग कपाटाला पाठ लावून, काका जिथे पडले होते त्याच फळ्यांवर उभी राहून, तिने मला वरचं सगळं सांगितलं. रडली नाही. अंगठ्याने बोटावरचं सुईचं टोचलेलं चोळत राहिली.

"मावशी, सांगून टाक काकांना."

"काय सांगू? तुमचे कान गेले आणि मी तुमच्या नाकासमोर गाणी ऐकत होते, म्हणून तुमची हाक ऐकली नाही? हात मोडलाय तो मशीनच्या आवाजाने नाही, माझ्या चैनीने? ते काही बोलणार नाहीत गं. नुसतं वाचतील आणि बाहीने पुसतील. ते बघवणार नाही मला."

"आणि नाही सांगितलंस तर?"

तिने दारातून पुढच्या खोलीत पाहिलं. चादरीखाली मशीन, प्रेत झाकावं तसं.

"तर ते जाईल. माझ्या ऐवजी." मग हळूच, "याच्यावर लेक वाढवलीय मी. त्याच्यावर आळ घेतला. मुकं आहे म्हणून."

कॅफेवाला शनिवारी सकाळी येणार होता. मी मुद्दाम गेले, दोन फाटके कोट शिवायचं निमित्त काढून. ताई आधीच आली होती. कॅफेवाला आला, दाढीवाला, हसतमुख, सोबत टेम्पोचा ड्रायव्हर. त्याने चादर ओढली आणि शीळ घातली. "वा! पायटा तर सुरेख! हलतो ना?"

तो खाली वाकला आणि हाताने पायटा दोनदा दाबला. चाक फिरलं. खट-खट, खट-खट.

काकांनी खुर्चीतून मान वर केली. त्यांनी डाव्या हाताने एक सपात काढली. मग दुसरी. आणि तळवे फळीवर टेकवून ते कॅफेवाल्याच्या हाताकडे बघत राहिले. मी एवढं एकाग्र होऊन बसलेलं माणूस फक्त विंगेत पाहिलंय, एंट्रीची वाट बघणारं.

मावशीनेही ते पाहिलं. तिने टेबलावरचा खडू उचलला. तो टेबलावर इतका दाबला की पहिल्या अक्षराआधीच मोडला. उरलेल्या तुकड्याने तिने लिहिलं,

मी गाणं ऐकत होते.

ताईने डोकावून वाचलं. "कसलं गाणं? आई? कधी?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा लिहिलं. त्या दिवशी. रोज. म्हणून हाक ऐकली नाही. मशीनचा दोष नाही.

काकांनी वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. आम्ही सगळे त्यांच्या बाहीकडे बघत होतो. त्यांनी ती उचलली नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले.

मावशीने खडूने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

"अगं, कॉलर शिवताना बाईचा पाय असा पडतो का? एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, थांबायचं नाव नाही. मला काय खुळा समजतेस? रोज दुपारी वाट बघायचो मी. ही कधी किनार काढते." त्यांनी फळीवर पायाचा तळवा आपटून दाखवला. "इथून येतं सगळं. म्हणून तर तुझ्या सपाता घालत नव्हतो. आणि मग या पोरीने ते मेलं गुणगुणं मशीन आणलं. त्याचं एक अक्षर खाली पोचत नाही."

ताई म्हणाली, "बाबा, तुम्ही पडला होतात! तुम्हाला माहीत होतं आई ऐकत नाहीये, तर…"

काकांनी तिचे ओठ वाचले आणि त्यांचे कान लाल झाले. खरंच झाले. चोरी पकडलेल्या पोरासारखे.

"मीही काही साव नाही," ते मावशीला म्हणाले. "आधी हाकेसाठीच आपटला हात. मग ठेका सापडला. वेडेवाकडे ठोके मारले असते तर तू धावत आली असतीस, एवढं कळत होतं मला. पण मध्येच सोडायचं कसं? इतक्या वर्षांनी कुणाबरोबर तरी वाजवत होतो. म्हटलं, एवढं गाणं होऊ दे."

"मनगट मोडलं होतं तुमचं!"

"उजवं. मी डाव्याने वाजवत होतो."

मावशी हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. तिने पदरासारखा तो डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. कॅफेवाला अजून वाकलेलाच होता, हात पायट्यावर. त्याने ताईकडे पाहिलं, ताईने छताकडे. "मी," तो म्हणाला, "मी टेबलाचं बघतो दुसरीकडे," आणि ड्रायव्हरला कोपराने ढकलत बाहेर पडला. भला माणूस.

"एक सांग," काका पुढे झुकले. "ताल कळायचा, पण चाल काही कळायची नाही. शेवटी मीच धरून चाललो. ते नावेचंच होतं ना? आम्ही शेवटी वाजवायचो ते? लोक उठायला लागले की? त्या दिवशी तेच वाजवलं मी."

आमच्या मुलाने बसवलेलं, नाटकातलं, दोन गिरक्या आणि चार झालरींचं गाणं. काकांनी ते जन्मात ऐकलं नव्हतं. ते इतके महिने मावशीच्या पायावर मनातल्या मनात दुसरंच गाणं वाजवत होते.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने काकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. हो. तेच.

काकांनी मांडीवर थाप मारली. "वाटलंच!"

मला जिन्यात गाठून ती कुजबुजली, जणू काकांना ऐकू जाईल, "ते नावेचं गाणं कुठून तरी शोधून आण गं. खोटं बोललेय. खरं करायला हवं."

मी शोधलं. मिळालं नाही. बँडनेच कधीतरी जुळवलेलं, कुणी ध्वनिमुद्रित केलेलं नव्हतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "नसू दे. मला येतं थोडं." आता दुपारी ती ते स्वतःच म्हणते, अर्धे शब्द विसरलेले, आवाज दोन ठिकाणी चिरका, पाय पायट्यावर. कानात काही नाही. काका अनवाणी, डाव्या तळहाताने खुर्चीच्या हातावर ठेका. "अंतऱ्याला घाई करतेस," ते ओरडतात, आणि ती त्यांना हळू म्हणायला सांगत नाही. खालचा चष्मेवाला वर येतो, दारात उभा राहतो, तक्रार विसरून परत जातो.

प्लास्टर निघालं. मनगट पूर्ण वळत नाही, बाटलीचं झाकण काढायला त्यांना मावशी लागते. ती काढून देते आणि दर वेळी तिचा चेहरा तसाच होतो, साखर जास्त पडल्यासारखा.

मी एकदा म्हटलं, "आता काय? तेही म्हणाले ना, माझीही चूक होती म्हणून."

"त्यांची त्यांच्या मापाची," मावशी दोरा दाताने तोडत म्हणाली. "त्यांच्या कापडात माझी नाही बसत."

अजूनही लांब शिवण असली की ती मध्येच, नेमकी रंगात आलेली असताना, पाय थांबवते. मान वर करून खुर्चीकडे बघते. काका तिथेच असतात, हात हवेत धरून, चिडलेले.

"काय झालं? चालू दे की!"

मग ती पुन्हा पाय लावते.